ठरावधारकांची सहल

२६ नोव्हेंबर २०२५ ला ग्लासगोत २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी अहमदाबादच्या नावावर शिक्कामोर्तब झालं आणि तेव्हापासून माझ्या टपालाचा नूरच पालटला. एरवी अमक्याला संघातून का वगळलं आणि तमक्याला का घेतलं, याच्यावरच पत्रं येतात. आता विचारणा एकच: ही यजमानपदं देतं कोण, मिळतात कशी आणि त्यांचा खर्च कुणाच्या माथी बसतो? त्यातली सात पत्रं इथे घेतली आहेत. उत्तरांची लांबी प्रश्नाच्या वजनावर नाही, माझ्या हौसेवर ठरली आहे. तेवढं चालवून घ्या.

प्रश्न : ज्या शहराची मैदानं चांगली त्याला स्पर्धा मिळते, असं मी समजत होतो. माझा नातू म्हणतो, मैदानाचा काही संबंध नसतो. कोण बरोबर? (जिल्हा बँकेतून निवृत्त, इस्लामपूर)

नातू. आणि तुम्ही जिल्हा बँकेत नोकरी करून हा प्रश्न विचारता, याची गंमत वाटली.

माझे वडील कराड तालुक्यात गटसचिव होते. चार-पाच गावांच्या विकास सोसायट्यांची दप्तरं त्यांच्याकडे. जिल्हा बँकेची निवडणूक आली की सोसायटीच्या पंचांनी ठराव करून एकाचं नाव मतदार म्हणून पाठवायचं. सोसायटी दोनशे सभासदांची असो की दोन हजारांची, ठराव एकच, मत एकच. त्या दिवसांत आमच्या घरासमोर रात्री दहानंतर जीप थांबायची. आई चहा टाकायची आणि वडील ठरावाचं बुक पत्र्याच्या ट्रंकेत घालून वर माझं अंथरूण टाकायचे. मतदानाच्या आठ दिवस आधी ठरावधारक गावातून नाहीसे व्हायचे. कुणी म्हणायचं गोव्याला गेलेत, कुणी म्हणायचं बालाजीला. परत यायचे ते थेट मतदान केंद्रावर, एकाच गाडीतून, रंगानं उजळून. एकाच्या मनगटावर नवं घड्याळ पाहिलेलं मला अजून आठवतं, कारण तो दर पाच मिनिटांनी आम्हा पोरांना वेळ सांगत होता.

आंतरराष्ट्रीय क्रीडा संघटनांची घटना याच वळणाची आहे. राष्ट्रकुल महासंघात कॅनडाला एक मत आणि प्रशांत महासागरातल्या चिमुकल्या बेटालाही एकच. २०१० च्या स्पर्धा दिल्लीला मिळाल्या त्या नोव्हेंबर २००३ मध्ये, जमैकातल्या माँटेगो बे इथे. समोर होतं कॅनडाचं हॅमिल्टन. १९३० मध्ये या स्पर्धा पहिल्यांदा जिथे भरल्या, तेच गाव. आपण काय केलं? ७२ सदस्य संघटनांना खेळाडूंच्या तयारीसाठी प्रत्येकी एक लाख डॉलर देऊ केले, शिवाय विमानभाडं आणि राहण्या-जेवण्याची सोय. सगळं उघड, लपवाछपवी काही नाही. निकाल ४६ विरुद्ध २२. हैदराबादला नुकत्याच पार पडलेल्या आफ्रो-आशियाई स्पर्धांचाही उपयोग झाला असेल, नाही असं नाही. पण ज्या बेटाच्या क्रीडा संघटनेचं कार्यालय दोन खोल्यांत चालतं, तिला दिल्लीच्या स्टेडियमचे नकाशे जास्त आवडतील की लाखाचा आकडा, हे तुम्हीच सांगा.

पुढचा अंक तर याहून झकास आहे. एप्रिल २००७ मध्ये आपण २०१४ च्या आशियाई स्पर्धा मागायला कुवेतला गेलो. समोर दक्षिण कोरियाचं इंचिऑन. त्यांनी विकसनशील देशांच्या खेळाडूंसाठी दोन कोटी डॉलरची योजना मांडली, वर प्रवास आणि निवास. आपण ३२ विरुद्ध १३ असे आपटलो. जमैकात जो डाव आपण टाकला, तोच साडेतीन वर्षांत आपल्यावर उलटला. मग आपल्याकडे दोष कुणाला दिला गेला? तेव्हाचे क्रीडामंत्री मणिशंकर अय्यर यांना, कारण एवढा पैसा गरीब देशानं यावर घालावा का, असं ते उघडपणे विचारत होते. माझ्या मते अय्यर गप्प बसले असते तरी आपण हरलो असतो. फार तर आणखी चार-पाच मतं वाढली असती.

ऑलिंपिकवाले यात मागे नाहीत. सिडनीनं २००० चं ऑलिंपिक बीजिंगकडून ४५-४३ असं, दोन मतांनी खेचून घेतलं. मतदानाच्या आदल्या रात्री केनिया आणि युगांडाच्या ऑलिंपिक समित्यांना खेळाच्या विकासासाठी प्रत्येकी ३५ हजार डॉलर देऊ केले होते, हे ऑस्ट्रेलियाच्या ऑलिंपिक समितीचे प्रमुख जॉन कोट्स यांनी पुढे स्वतःच सांगितलं. सॉल्ट लेक सिटीचं प्रकरण १९९८ च्या अखेरीस फुटलं. सदस्यांच्या मुलांना शिष्यवृत्त्या, आप्तांना नोकऱ्या, सहली. दहा सदस्यांना घरी जावं लागलं आणि उमेदवार शहरांना भेट द्यायलाच सदस्यांना बंदी झाली. म्हणजे ठरावधारकांची सहल तेवढी बंद केली. ठराव होताच.

प्रश्न : १९८३ च्या फायनलला लॉर्ड्सवर दोन पास नाकारले, म्हणून साळवेसाहेबांनी वर्ल्ड कप भारतात आणला, असं आजोबा सांगतात. खरं आहे का? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नागपूर)

आजोबा कुठे राहतात? सिव्हिल लाइन्समध्ये असतील तर भेटायला येतो.

पासांची गोष्ट खुद्द एन. के. पी. साळवे यांच्या तोंडून अनेकांनी ऐकली आहे. ते नागपूरचे चार्टर्ड अकाउंटंट, काँग्रेसचे नेते, विदर्भ क्रिकेट असोसिएशनचे सर्वेसर्वा आणि १९८३ मध्ये बीसीसीआयचे अध्यक्ष. २५ जूनच्या अंतिम सामन्यासाठी जादा पास मागितले, ते मिळाले नाहीत. भारत अंतिम सामन्यात, आणि भारताच्या बोर्डाच्या अध्यक्षाला दोन खुर्च्या मिळत नाहीत. दुसऱ्या दिवशी पाकिस्तान बोर्डाचे एअर मार्शल नूर खान यांच्याशी जेवताना बोलता बोलता विषय निघाला की हा सामना आपल्याकडे झाला असता तर! आणि पुढचा कप आपणच का भरवू नये, इथवर गाडी गेली. साळवे यांनी पुढे या साऱ्या खटाटोपावर पुस्तकही लिहिलं.

मात्र रागानं फार तर मनुष्य गाडी पकडतो. मुक्कामाला पोचायला वेगळं काही लागतं. तेव्हा आयसीसीत इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाला नकाराधिकार होता आणि तो १९९३ पर्यंत टिकला. पहिले तिन्ही वर्ल्ड कप इंग्लंडमध्येच झाले होते. तिथे जणू ही घरचीच पूजा होती, इतरांनी प्रसादापुरतं यायचं. साळवे-नूर खान जोडीनं आधी आपलं घर बांधलं. लॉर्ड्सला तीन महिने होतात न होतात तोच, सप्टेंबर १९८३ मध्ये, दिल्लीत आशियाई क्रिकेट परिषद स्थापन झाली. भारत, पाकिस्तान, श्रीलंका, आणि सोबत बांगलादेश, मलेशिया, सिंगापूर. शेवटची तीन नावं पुन्हा वाचा. तेव्हा कसोटी खेळणं त्यांच्यापासून कोसभर दूर होतं, पण आयसीसीत सहयोगी सदस्य म्हणून त्यांना मत होतं. मग भारत-पाकिस्तानच्या संयुक्त प्रस्तावात मोठ्या सदस्यांबरोबर या छोट्यांच्याही पदरात इंग्लंडपेक्षा जास्त रक्कम टाकण्याची तयारी दाखवली. इंग्लंडनं कुरकुर केली की तिकडे दिवस लहान असतो, साठ षटकं व्हायची कशी? उत्तर आलं, मग पन्नास खेळू. आज वर्ल्ड कप पन्नास षटकांचा असतो, त्याचं मूळ आपल्या ऑक्टोबरच्या लवकर मावळणाऱ्या सूर्यात आहे.

परदेशी पाहुण्यांना पौंडात पैसे द्यायचे तर परकीय चलन हवं, आणि तेव्हा एकेक पौंड सरकारच्या मुठीत होता. साळवे केंद्रात मंत्री राहिलेले, म्हणून ती मूठ उघडली. ज्यांना ‘खेळात राजकारण नको’ हे वाक्य आवडतं, त्यांना मी नेहमी एवढंच विचारतो की मग १९८७ मध्ये आपल्याकडे झालेला वर्ल्ड कप, म्हणजे रिलायन्स कप, नको होता का?

त्या वेळी मी नागपूरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. वय २७. भारत-न्यूझीलंड सामना ३१ ऑक्टोबरला व्हीसीएच्या जुन्या मैदानावर होता. एकवीस मैदानांवर स्पर्धा वाटली होती, चौदा आपली, सात पाकिस्तानची, आणि त्यात नागपूर असणं हा साळवे यांचा नागपूरवरचा जीव. (मुंबई, पुणे आणि नागपूर, महाराष्ट्रात तीन ठिकाणी सामने झाले. विदर्भाला वाटा मिळाल्याचं हे दुर्मीळ उदाहरण म्हणून कात्रण जपून ठेवावं.) मला अर्थातच पास नव्हता. आमच्या दैनिकाला मिळालेले पास वरच्या मजल्यावरच अडकले होते. मी पहाटे रांगेत उभा राहून तिकीट काढलेलं. आंबिया बहाराची संत्री नुकती बाजारात आलेली, अजून अर्धी हिरवी. शेजारचा गृहस्थ ती सोलून साली खिशात भरत होता, खाली टाकल्या तर पोलीस उठवतील म्हणून.

चेतन शर्मानं रुदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड असे लागोपाठ तिघे उडवले. तिघेही त्रिफळाचीत. वर्ल्ड कपमधली ती पहिली हॅटट्रिक. पण माझं लक्ष दुसऱ्या हिशेबात होतं. न्यूझीलंडच्या २२१ धावा आपण ४२.२ षटकांत केल्या तर गटात पहिले, म्हणजे उपांत्य सामना मुंबईत. नाहीतर दुसरे, आणि मग लाहोरला पाकिस्तानशी गाठ. स्पर्धा आपण आणलेली, मांडव आपण घातलेला आणि पंगत लाहोरला! अंगात ताप असलेला गावसकर त्या दिवशी असा खेळला की शेजारच्या गृहस्थानं साली खिशातून काढून हवेत उडवल्या. १०३ नाबाद, एकदिवसीय क्रिकेटमधलं त्याचं एकमेव शतक. बत्तीस षटकं आणि एका चेंडूत काम तमाम.

मग व्हायचं तेच झालं. ४ नोव्हेंबरला पाकिस्तान लाहोरला ऑस्ट्रेलियाकडून हरलं आणि ५ ला वानखेडेवर ग्रॅहम गूचनं स्वीप मारमारून आपल्या फिरकीची चटणी केली. दोन्ही यजमान दोन दिवसांत बाद आणि ईडन गार्डन्सवर अंतिम सामना ऑस्ट्रेलिया-इंग्लंड. तरी लाखाच्या आसपास माणूस तो बघायला आला. इंग्लंडला खरी चपराक मला ती वाटते.

पुढे हाच कित्ता गिरवला गेला. १९९६ च्या कपासाठी १९९३ मध्ये लंडनला जी बैठक दिवसभर चालली, तिच्यात सहयोगी सदस्यांना प्रत्येकी एक लाख पौंडांचा शब्द होता. आणि २०११ च्या कपासाठी २००६ मध्ये दुबईत ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची फाइल वेळेत, सुबक बांधून तयार. आपल्या आशियाई मंडळींची फाइल मुदत उलटली तरी अर्धवट. बीसीसीआयचे अध्यक्ष होते शरद पवार. निकाल ७ विरुद्ध ४, आपल्या बाजूनं. वेस्ट इंडीजचं मत निर्णायक ठरलं, असं पाकिस्तान बोर्डाकडून सांगितलं गेलं. इस्लामपूरचे काका हे वाचून नुसतं हसतील.

प्रश्न : २०२३ मध्ये आयओसीचं (आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं) अधिवेशन मुंबईत झालं, पंतप्रधानांनी २०३६ च्या ऑलिंपिकची इच्छाही मुंबईतच जाहीर केली. मग शहर म्हणून अहमदाबाद कसं? मुंबईनं काय घोडं मारलं? (गृहिणी, डोंबिवली)

ताई, वाङ्‌निश्चय मुंबईत झाला आणि लग्न अहमदाबादला, अशी गत आहे खरी. १ ऑक्टोबर २०२४ ला भारतीय ऑलिंपिक संघटनेनं इरादापत्र दिलं आणि जुलै २०२५ मध्ये आपलं शिष्टमंडळ लुझानला गेलं तेव्हा अहमदाबादचं नाव पुढे केलं.

पंतप्रधान आणि गृहमंत्री दोघेही तिथले, हे कारण लहान मूलही सांगेल. ते खोटं नाही, पण तेवढंच नाही. दहा हजारांवर खेळाडूंचं गाव वसवायला मुंबईत जागा दाखवा. जागा दाखवलीत तर ती महापालिकेची, एमएमआरडीएची, रेल्वेची, मिठागरांची की बंदराची, हे ठरवता ठरवता २०३६ उजाडेल. मोटेऱ्याला स्टेडियमच्या शेजारी सरदार पटेल क्रीडासंकुलाची जमीन एका सरकारच्या हाताखाली आहे. त्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा २०२२ मध्ये गुजरातनं तीनेक महिन्यांच्या तयारीवर भरवून दाखवल्या. यजमानपद देणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. एक खिडकी, एक सही.

महाराष्ट्राकडे बालेवाडी होतीच की. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभी राहिली, २००८ मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. तेव्हा पुण्याचे खासदार सुरेश कलमाडी ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते. म्हणजे आपला माणूस जागेवर असला की स्पर्धा आपल्या गावात येते, हे आपणही अनुभवलं आहे, आता तक्रार कशाला? आजच्या पुणेकर पोरांना बालेवाडी म्हटलं की हाय स्ट्रीट आठवते, ती गोष्ट निराळी.

आणि नागपूरकरांची जखम मी इथे हळूच दाखवून घेतो. २०२३ च्या वर्ल्ड कपमध्ये पुण्याला पाच सामने, मुंबईला उपांत्य सामन्यासह पाच, अहमदाबादला सलामीचा आणि शेवटचा. जामठ्याच्या एवढ्या मोठ्या स्टेडियमला शून्य. साळवे गेले २०१२ मध्ये.

प्रश्न : आम्ही मेलबर्नजवळ गीलाँगला राहतो. २०२६ च्या राष्ट्रकुल स्पर्धा आमच्याकडे होणार म्हणून मुलीनं स्वयंसेवक व्हायचं ठरवलं होतं. सरकारनं अचानक रद्द केल्या. वर भरपाई दिली ती आमच्या करातून. जिंकलेली स्पर्धा कुणी सोडतं का? (मराठी मंडळाच्या सभासद, व्हिक्टोरिया)

सोडतात, आणि तुमच्याकडचं उदाहरण त्यात ठळक आहे. एप्रिल २०२२ मध्ये व्हिक्टोरियाला यजमानपद मिळालं. दुसरा कुणी पुढे आलाच नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरात राज्याची निवडणूक होती. गीलाँग, बॅलराट, बेंडिगो, गिप्सलँड अशा गावोगाव स्पर्धा वाटल्या होत्या, हे काही फक्त क्रीडाप्रेमातून झालं असेल, असं मानायला माझं मन तयार होत नाही. जुलै २०२३ मध्ये प्रीमियर, म्हणजे तिथले मुख्यमंत्री, डॅनियल अँड्र्यूज यांनी सांगितलं की २.६ अब्ज डॉलरचा अंदाज सहा-सात अब्जांवर गेला आहे, आम्ही माघार घेतो. भरपाई ३८ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर. राज्याच्या महालेखापरीक्षकांनी नंतर हिशेब केला, तेव्हा एकूण ५८.९ कोटी डॉलर गेले आणि एक शर्यतसुद्धा झाली नाही. स्पर्धा आता ग्लासगोला, दहाच खेळांच्या. त्याआधी दक्षिण आफ्रिकेच्या दरबाननंही २०२२ च्या स्पर्धा अशाच गमावल्या. तिथेही अर्ज शेवटी एकच उरला होता.

तुमचा खरा प्रश्न पैशाचा आहे, म्हणून पुन्हा वडिलांकडे जातो. गावातल्या एकानं ऑइल इंजिनासाठी कर्ज काढलं. वडील जामीन राहिले. त्या कागदावर एक ओळ छापलेली असते: ‘वैयक्तिक व सामुदायिकरीत्या जबाबदार’. तो गृहस्थ इंजिन विकून मुंबईला गेला. वडिलांच्या पगारातून दरमहा एकतीस रुपये कापले जायचे आणि आई पगाराच्या दिवशी त्या इंजिनाचं नाव घेऊन भाकरी थापायची. इंजिन आम्ही कधी पाहिलंही नव्हतं.

ऑलिंपिकच्या यजमान करारात हीच ओळ आहे. आयोजन समिती, त्या देशाची ऑलिंपिक समिती आणि यजमान शहर हे तिघं वैयक्तिक आणि सामुदायिकरीत्या जबाबदार. आयओसी त्या यादीत नाही. दिल्लीच्या वेळीही तूट भरून देण्याची हमी भारत सरकारनं दिली होती. मूळ अंदाज बाराशे कोटींचा. कॅगच्या २०११ च्या अहवालात आकडा आला १८,५३२ कोटी. कलमाडींना त्याच वर्षी अटक झाली, पुढे जामीन मिळाला आणि २०२५ मध्ये ईडीनं सादर केलेला तपासबंदीचा अहवाल दिल्लीच्या न्यायालयानं स्वीकारला. कोर्टाचं कोर्टाकडे. पण बाराशेचे अठरा हजार होताना सही करणाऱ्यांपैकी कुणाच्या पगारातून एकतीस रुपये कापले गेल्याचं मी ऐकलं नाही. माँट्रिअलच्या १९७६ च्या ऑलिंपिकचं कर्ज २००६ मध्ये फिटलं. मध्ये तीस वर्षं तिथली माणसं सिगारेटवरच्या करातून ते फेडत होती.

म्हणून तुमच्या अँड्र्यूजना मी पूर्ण दोषी धरत नाही. घेतली ही चूक होती, सोडली हे त्यातल्या त्यात शहाणपण. मुलीला सांगा, दोन्हीबद्दल राग आला तरी चालेल.

प्रश्न : २०३४ च्या फुटबॉल वर्ल्ड कपसाठी सौदी अरेबियाचा एकच अर्ज होता म्हणे. मग निवडणूक कसली? (चहा-नाश्ता केंद्रचालक, मिरज)

बिनविरोध. फिफानं इच्छा कळवायला २५ दिवस दिले, ऑस्ट्रेलियानं शेवटच्या दिवशी माघार घेतली आणि ११ डिसेंबर २०२४ ला टाळ्या वाजवून मंजुरी. २०३२ च्या ऑलिंपिकलाही ब्रिस्बेन एकटंच होतं, ७२ विरुद्ध ५. पूर्वी मतं गोळा करावी लागत, आता विरोधी अर्ज येणार नाही एवढं पाहिलं की भागतं. आयओसीत तर २०१९ पासून एक छोटी समिती आधी बोलणी करून नाव जवळपास पक्कंच करते आणि मग बाकीचे हात वर करतात. नव्या अध्यक्ष कर्स्टी कॉव्हेंट्री यांनी आल्या आल्या ही पद्धत जरा थांबवून तपासायला घेतली. आपल्याकडे बिनविरोध झालं की गावाला बक्षीस मिळतं. तिकडे काय मिळतं, ते मिरजेत बसून तुम्हीच ओळखा.

प्रश्न : गोव्यात २०१४ मध्ये लुसोफोनिया स्पर्धा झाल्या, त्या आम्हाला कशाच्या जोरावर मिळाल्या? आणि लोकांना विचारून अशा स्पर्धा घेतात का कुठे? (क्रीडाशिक्षक, म्हापसा)

सर, इतिहासाच्या जोरावर. पोर्तुगीज भाषेशी नातं असलेल्या देशांच्या त्या स्पर्धा. आधी मकाव, मग लिस्बन, मग गोवा. साडेचारशे वर्षांच्या गुलामगिरीचा एवढा तरी परतावा! २०१३ च्या नोव्हेंबरात ठरलेल्या, पुढे ढकलून जानेवारी २०१४ मध्ये झाल्या आणि पदकतक्त्यात भारत पहिला आला. बांबोळीचं मैदान २०२३ च्या राष्ट्रीय स्पर्धांनाही उपयोगी पडलं. त्या राष्ट्रीय स्पर्धा गोव्यानं किती वेळा पुढे ढकलल्या, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक, विद्यार्थ्यांना सराव तर तुम्हीच द्यायचात.

लोकांना विचारतात, आणि म्हणूनच युरोपात अर्ज कमी झाले. हॅम्बुर्गच्या लोकांनी २०१५ मध्ये ५१.६ टक्क्यांनी नको म्हटलं. बुडापेस्टमध्ये अडीच लाखांवर सह्या गोळा झाल्यावर सरकारनं अर्जच मागे घेतला. अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या मतदारांनी तर आधीच मिळालेलं १९७६ चं हिवाळी ऑलिंपिक १९७२ मध्ये परत पाठवलं, ते इन्सब्रुकला गेलं. पण लोक नेहमी नकोच म्हणतात असंही नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये म्युनिकच्या लोकांनी सुमारे दोन तृतीयांश मतांनी होकार दिला, आणि त्यांच्या मनात असलेल्या वर्षांत २०३६ सुद्धा आहे. त्यांच्याकडे १९७२ ची मैदानं अजून वापरात आहेत, तो मोठा मुद्दा. अहमदाबादच्या रिक्षावाल्याला कुणी विचारल्याचं माझ्या कानावर नाही. माझ्या अंदाजानं तो हो म्हणेल. विचारायला मात्र हवं होतं.

प्रश्न : मी आठवीत आहे. भारतात ऑलिंपिक झालं तर मला तिथे काम करायचं आहे. काय करू? (साताऱ्याचा विद्यार्थी)

बाळा, २०३६ चं ऑलिंपिक अजून आपल्याला मिळालेलं नाही, हे आधी ध्यानात ठेव. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा मात्र नक्की आहेत आणि तोवर तू अठरा-एकोणीसचा होशील. स्वयंसेवकांना साधारण त्याच वयात घेतात. तोवर एखाद्या खेळाची पंचपरीक्षा दे. ॲथलेटिक्सची दिलीस तर उत्तम, तिथे उंच उडीची पट्टी ठेवण्यापासून भाला मोजण्यापर्यंत माणसं फार लागतात. पोहायला येत नसेल तर शीक. आणि फ्रेंच शीक. ऑलिंपिकची अधिकृत भाषा इंग्रजीइतकीच फ्रेंच आहे आणि साताऱ्याहून फ्रेंच बोलत आलेला पोरगा दारावर उभा असला तर कुणालाही कौतुक वाटेल.

२०३६ साली मी ७६ वर्षांचा असेन. आत सोडशील ना?